बाजीरावांनी न दिलेलं रिव्हॉल्व्हर

पत्र

शनिवार पेठेतला आमचा वाडा यंदा बिल्डरकडे गेला. वडील गेल्या वर्षी वारले, त्यामुळे माळा मलाच रिकामा करावा लागला. पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक रिव्हॉल्व्हर निघालं आणि त्याच्यासोबत आजोबांच्या नावाची परवान्याची वही. शेवटचं नूतनीकरण १९७१ सालचं. नळी आठकोनी, तिच्याखाली एक दांडा, सहा खणांची चकरी. नळीवर इंग्रजीत कर्नल कोल्ट, लंडन असा पत्ता आहे. चकरीवर पुसट जहाजं दिसतात. ती आंग्र्यांची गलबतं आहेत असं आत्याचं म्हणणं. बाजूला वेलबुट्टी कोरली आहे आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर सोन्यात 'श्री' आहे. नळीखालचा आकडा एकतीस हजारांतला, पण फ्रेमखालचा आणि चापाच्या कडीवरचा छत्तीस हजारांतला. मूठ शिसवीची, बाकीच्यापेक्षा नवी वाटते. दुसऱ्या बाजीरावांनी हे आमच्या पूर्वजाला बक्षीस दिलं असं घरात सांगत आले आहेत. जुन्या बाजारातल्या एका दुकानदाराला फोटो दाखवले, तर तो म्हणाला, 'सगळं जोडकाम आहे, भंगाराचा भाव येईल.' चुलतभाऊ म्हणतो, शंभर वर्षांवरच्या हत्याराला परवाना लागत नाही, परदेशात विकून टाकू. हे नक्की काय आहे? नक्षी मूळची का? आणि साफ कशानं करू?

– अ. प., कोथरूड

उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नांकडे येतोच, पण तुम्ही न विचारलेल्या दोन गोष्टी आधी.

पहिली, ते भरलेलं असू शकतं. हे ठासणीचं रिव्हॉल्व्हर आहे, यात काडतूस नसतं. चकरीच्या प्रत्येक खणात पुढून दारू आणि शिशाची गोळी घालायची, नळीखालच्या त्या दांड्यानं दाबायची आणि मागच्या बाजूच्या टोकावर तांब्याची बारीक टोपी बसवायची. त्यामुळे 'गोळ्या तेव्हाच काढून टाकल्या होत्या' या घरातल्या आठवणीवर विसंबू नका. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. घोडा ओढू नका, चकरी फिरवू नका, नळीत डोकावू नका, पाहुण्यांच्या हातात देऊ नका. मागच्या टोकांवर टोप्या दिसल्या तर ते आहे तिथेच राहू द्या, खोलीला कुलूप लावा आणि पोलिसांना तसं स्पष्ट सांगा.

दुसरी गोष्ट कायद्याची. चुलतभाऊ म्हणतात ते पुण्यातल्या बऱ्याच घरांत ऐकू येतं, आणि ते चूक आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या हत्यारांना सूट आहे, पण नुसत्या वयावर नाही. हत्यार जुन्या धाटणीचं किंवा पुरातन मोलाचं हवं, आणि शिवाय ते दुरुस्ती करून किंवा न करता, कुठल्याच मार्गानं बंदूक म्हणून वापरता येऊ नये, अशी अट आहे. तुमच्याकडचं तर सगळं जागेवर दिसतंय. एखादा बरा कारागीर ते सहज चालतं करेल. म्हणजे ते आजच्या कायद्यानं अग्निशस्त्रच, आणि आजोबांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला. वारशानं वस्तू येते, परवाना येत नाही.

परवाना नसलेलं हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं, असं त्याच कायद्याचं कलम २१ सांगतं. ट्रंक उघडल्याला किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलं नाही. ती उघडेपर्यंत 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं म्हणता येत होतं. आता येणार नाही. म्हणून हा आठवडा संपायच्या आत शस्त्र परवान्याची प्रकरणं चालवणारा वकील गाठा. कधी, कुठे, कोणासमोर सापडलं याचा लेखी अर्ज करा, सोबत आजोबांच्या वहीची प्रत जोडा आणि ठाण्याला आधी कळवून ते सांगतील तसं करा. पिशवीत घालून रिक्षानं निघू नका. नाकाबंदीत अडकलात तर तुमच्या पूर्वजांची गोष्ट ऐकायला तिथे कुणाला वेळ नसेल.

निवड करता आली तर शस्त्रविक्रेत्याकडे ठेवा. भाडं पडतं, पण पावसाळ्यात ठाण्याच्या मालखान्यापेक्षा त्याचं कपाट कोरडं असतं. पुढचा मार्ग वारसाच्या परवान्याचा. शस्त्र नियम २०१६ मध्ये त्याची वेगळी तरतूद आहे आणि पुणे शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयात जातो. बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र लागतं, म्हणजे आत्या आणि चुलतभाऊ दोघांशी गोड बोलून ठेवा. वारशानं आलेल्या हत्यारालाही एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन ही २०१९ पासूनची मर्यादा लागू आहे, पण तुमच्याकडे एकच आहे. सूट मिळावी म्हणून कुणी नळीत भोक पाडायला किंवा घोडा कापायला सांगेल. ते अजिबात करू नका.

आता वस्तूकडे वळू.

अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टनं फिरत्या चकरीच्या पिस्तुलाचं पेटंट इंग्लंडमध्ये १८३५ साली आणि अमेरिकेत १८३६ साली घेतलं. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्यानं आपली रिव्हॉल्व्हर मांडली आणि १८५३ साली तिथेच, पिम्लिको भागात, कारखाना उघडला. तो १८५६ पर्यंतच टिकला. तेवढ्यात त्यातून 'नेव्ही' या नमुन्याची सुमारे बेचाळीस हजार रिव्हॉल्व्हर बाहेर पडली. आठकोनी नळी, सहा खण, ठासायचा दांडा, नळीवर लंडनचा पत्ता, आकडे बेचाळीस हजारांच्या आत: तुमचं वर्णन या नमुन्याशी तंतोतंत जुळतं. क्रिमियन युद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारनं यातली बरीच विकत घेतली आणि हिंदुस्थानात नोकरीला येणारे गोरे अधिकारी पदरचे पैसे घालूनही अशी रिव्हॉल्व्हर आणत. त्यातलं एखादं पुण्याच्या वाड्यात निघालं तर नवल नाही.

पण पत्त्यावर एकट्यानं भिस्त ठेवू नये. बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या कारागिरांनी कोल्टच्या रिव्हॉल्व्हरच्या भरपूर प्रती केल्या, काही परवानगीनं आणि काही तशाच. गेल्या साठेक वर्षांत इटलीतही हुबेहूब नकला निघाल्या. निवाडा शिक्क्यांवर होतो. नवी नळी जास्त दारू भरून, मुद्दाम डागून तपासायची आणि टिकली तर तिच्यावर शिक्का मारायचा, असा तिकडचा कायदा होता. लंडनच्या शिक्क्यांत मुकुट आणि त्याखाली एकात जी-पी, दुसऱ्यात व्ही. ते नळीच्या डाव्या अंगाला, मागच्या टोकाजवळ आणि चकरीवर खणांच्या मधल्या जागेत शोधतात. लंबगोलात ई-एल-जी आणि तारा असेल तर माल लिएजचा. ताऱ्याखाली पी-एन असेल तर इटलीतली अलीकडची नक्कल. बाणाच्या फाळासारखी खूण दिसली तर ते सरकारी खात्यातून गेलेलं आहे, आणि मग वेगवेगळ्या आकड्यांचं कोडंही बरंचसं सुटतं.

या रिव्हॉल्व्हरची नळी एका पाचरीनं अडकवलेली असते. पाचर ठोकून काढली की नळी, चकरी आणि फ्रेम सुटे होतात. पलटणीत अशी अनेक हत्यारं एकाच बाकावर उघडून साफ करायची, मग परत जोडताना याची नळी त्याला जायची. शिपायाला गोळी सुटण्याशी मतलब. दीडशे वर्षांनी कुणी भिंग घेऊन आकडे जुळवणार आहे हे त्याच्या गावीही नसतं. कोल्टच्या कारखान्यात मात्र तोच आकडा फ्रेमवर, नळीवर, चापाच्या कडीवर, मुठीच्या पट्टीवर, चकरीवर, अगदी पाचरीवरही मारत. त्यामुळे काय बदललं ते आज ओळखता येतं. तुमची फ्रेम आणि कडी एकमेकांची आहेत. नळी त्याच कारखान्याची, पण दुसऱ्या रिव्हॉल्व्हरची. मूठ तर सरळच आहे: कारखान्याची मूठ अक्रोडाच्या एका अखंड तुकड्याची असे, शिसव आपल्याकडची, म्हणजे ती इथल्या सुतारानं केली. चकरीवरचा आणि मागच्या पट्टीवरचा आकडा तुम्ही दिला नाही. तो दिसत असेल तर पुढचं बरंच सांगता येईल.

पट्टी तपासायला फ्रिजवरचं लोहचुंबक पुरे, पण वर सांगितलेली सुरक्षिततेची शहानिशा झाल्यावर आणि विक्रेत्यासमोर. लंडनच्या कारखान्यात कडी आणि पट्टी लोखंडाची करत. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कारखान्यात बहुधा पितळेची, वर चांदीचा मुलामा. चुंबक चिकटलं नाही तर पट्टी दुसरीकडून आली. तुमचं 'श्री' सोन्यात आहे, त्यामुळे ते चिकटेल असा माझा अंदाज आहे. कारण पुढे येईल.

जहाजांचा निकाल आधी लावू. आत्यांना वाईट वाटेल, पण ती आंग्र्यांची नाहीत. १६ मे १८४३ रोजी मेक्सिकोच्या कँपेचे बंदरासमोर टेक्ससच्या आरमाराची मेक्सिकोच्या गलबतांशी झालेली लढाई त्या चकरीवर आहे. टेक्ससच्या आरमारानं कोल्टची सुरुवातीची पिस्तुलं घेतली होती, त्याची ही परतफेड. चित्र ऑर्म्सबी नावाच्या न्यूयॉर्कच्या कोरक्यानं केलं. नोटा छापायच्या पट्ट्या कोरणं हा त्याचा धंदा. हे काम हातानं एकेका चकरीवर केलेलं नाही. पोलादाच्या ठशावर चित्र उलटं कोरायचं आणि चकरी त्यावर दाबून फिरवायची. ते मुळातच उथळ उमटतं, म्हणून वापरानं पुसट होतं. पुसट असणं ही इथे चांगली खूण. खोल, ठसठशीत, कडा धारदार असलेली जहाजं दिसली असती तर मला शंका आली असती, कारण मागाहून कुणी छिन्नीनं 'उजळ' केलेली चित्रं बाजारात पुष्कळ फिरतात.

वेलबुट्टी मात्र हातची. ती कुठे आणि कधी झाली हे ठरवायचं, तर नक्षी सुंदर आहे की नाही हे विसरून जायचं आणि एकच प्रश्न धरायचा: कुठली खूण आधीची, कुठली नंतरची?

भिंगाखाली वेलीचा एखादा फाटा लंडनच्या पत्त्याजवळ किंवा शिक्क्याजवळ कसा जातो ते पाहा. कारखान्याचा कोरक्या शिक्क्याला जागा सोडून वेल वळवतो. वेलीची रेघ शिक्क्याच्या अक्षरावरून आरपार गेली असेल, तर शिक्का आधीचा आणि वेल नंतरची. मग फ्रेम पाहा. कारखान्यात फ्रेमवर नक्षी करून मगच तिचा वरचा थर भट्टीत कडक करत, त्यानं पोलादावर निळ्या-तपकिरी ढगांसारखे रंग येत. घोड्याच्या आडोशाला असे रंग उरले असतील आणि ते कोरलेल्या रेघेच्या आतही दिसत असतील, तर नक्षी मूळची. पण कडक केलेल्या पोलादावर छिन्नी नीट चालत नाही. मागाहून कोरायचं तर फ्रेम आधी तापवून मऊ करावी लागते आणि त्यात रंग जातात. पूर्ण करडी फ्रेम आणि त्यावर दाट वेल दिसली तर काम नंतरचं असण्याची शक्यता मोठी.

तुमच्या बाबतीत सगळ्यात बोलकी जागा म्हणजे नळीचा खालचा भाग फ्रेमला टेकतो तो सांधा. एखादी वेल नळीवरून निघून सांध्यापलीकडे फ्रेमवर न तुटता गेली असेल, तर कोरणाऱ्याच्या हातात रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा ही परकी नळी आधीच बसलेली होती. वेल सांध्याशी कापल्यासारखी थांबत असेल, किंवा फ्रेमवर आहे आणि नळीवर नाहीच, तर नळी नक्षीनंतर आली. मला पहिली शक्यता जास्त वाटते, पण ते तुमच्या सविस्तर वर्णनावरूनच, आणि वर्णनावर पैजा लावत नाहीत.

राहिलं 'श्री'. लोखंडावर सोनं बसवण्याची आपल्याकडची रीत म्हणजे कोफ्तगिरी. पृष्ठभागावर बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी खरवडायची, तिच्यावर सोन्याची तार ठोकून बसवायची आणि घासून गुळगुळीत करायची. पंजाबात सियालकोट, राजस्थानात जयपूर, उदयपूर ही तिची नावाजलेली ठिकाणं. तलवारींच्या मुठी, ढाली, बंदुकीच्या नळ्या यांवर ती सर्रास होत असे. 'श्री'चं सोनं जिथे झिजलंय तिथे भिंगातून जाळी दिसली तर ती कोफ्तगिरी, आणि ती लोखंडावरच करतात. म्हणून मघाशी चुंबकाबद्दल म्हणालो. जाळी नसेल आणि सोनं खोदलेल्या खाचेत भरलेलं असेल, तर तोही हिंदुस्थानी कारागीर असू शकतो, फक्त रीत वेगळी. कसंही असलं तरी ते अक्षर लंडनच्या कारखान्यातलं नाही. तुमच्या घराण्यातल्या किंवा आधीच्या कुणा देशी मालकानं ते करून घेतलं.

बाजीरावांची गोष्ट यामुळे निकालात निघते. दुसरे बाजीराव १८१८ साली इंग्रजांच्या स्वाधीन झाले, पुढे बिठूरला गेले आणि २८ जानेवारी १८५१ रोजी तिथेच वारले. लंडनचा कारखाना उघडला १८५३ साली. मग त्यांच्या दत्तक मुलापर्यंत, नानासाहेबांपर्यंत, गोष्ट ओढायचा मोह होईल. नुसत्या तारखांनी ते अडत नाही, पण कागदाशिवाय तसं म्हणणं म्हणजे एक दंतकथा काढून दुसरी बसवणं. पूर्वजाला काही मिळालं असेल तर त्याचा उल्लेख घरच्या मोडी कागदांत सापडतो का ते पाहा. वाडा रिकामा करताना कागदांची गाठोडी रद्दीत देऊ नका. भारत इतिहास संशोधक मंडळ तुमच्या जुन्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे मोडी वाचणारी माणसं भेटतात.

जुन्या बाजारातला माणूस अर्धा बरोबर आहे. जोडकाम आहे. ज्या संग्राहकाला सगळे आकडे एक असलेलं, कारखान्याच्या रंगातलं रिव्हॉल्व्हर हवं असतं, त्याच्या लेखी वेगळी नळी, नवी मूठ आणि नंतरची नक्षी या तिन्ही गोष्टी किंमत खूप खाली आणतात. पण भंगाराचा भाव ही खरेदीदाराची भाषा झाली. लंडनचं रिव्हॉल्व्हर, हिंदुस्थानी सोनं, इथल्या सुताराची मूठ, पुण्यातली परवान्याची वही हे सगळं एका जागी असणं मला सगळे आकडे जुळणाऱ्या नगापेक्षा जास्त रंजक वाटतं. म्हणून 'मूळ' मूठ परदेशातून मागवून बसवू नका. आकडे जुळवण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका. हत्यारावरचा आकडा पुसणं, बदलणं किंवा बनावट मारणं हा कलम ८ खाली गुन्हा आहे.

परदेशी विक्रीचा विचार चुलतभावांनी सोडलेला बरा. शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ त्यासाठीच आहे. देशात विकायचं तरी घेणाऱ्याकडे परवाना हवा आणि व्यवहार परवाना अधिकाऱ्यांच्या नोंदीत हवा. घरात ठेवायचंच नसेल तर संग्रहालयाला देण्याचा विचार करा. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं आहेत, तिथे विचारता येईल. पण तेव्हाही आधी आयुक्तालय, मग संग्रहालय.

साफसफाई: करू नका. ब्रासो नको, पॉलिश पेपर नको, चिंच-मीठ तर तांब्याच्या भांड्यांसाठी ठेवा. कोफ्तगिरीचं सोनं कागदापेक्षा पातळ असतं, दोन वेळा घासलं की जातं. उथळ जहाजं आणि आकडेही त्याच्या पाठोपाठ. लाल, भुकटी होणारा गंज असेल तर विक्रेत्याच्या कारागिराला सांगून सुती कापडावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब घेऊन फक्त टिपायचा. स्क्रू कुणालाही उघडू देऊ नका. धोतरातून काढलंच असेल तर परत त्यात किंवा चामड्याच्या म्यानात बांधू नका. दोन्ही ओल धरतात.

जमा करताना पावतीवर 'जुने रिव्हॉल्व्हर, एक नग' एवढंच लिहू देऊ नका. नळीचा आकडा आणि फ्रेमचा आकडा असे दोन्ही, 'श्री'चा उल्लेख आणि चारही बाजूंचे फोटो सही-शिक्क्यानिशी जोडून घ्या. एकच आकडा लिहिला गेला तर उद्या परवान्याच्या वेळी हत्यार हेच का, असा प्रश्न निघतो. आणि आजोबांची वही उघडून पाहा: त्यात हत्याराचा नंबर लिहिलेला असणार. तो एकतीस हजारांतला असेल तर नोंद झाली तेव्हा ही नळी बसलेली होती. छत्तीस हजारांतला असेल तर कारकुनानं फ्रेम पाहिली, किंवा तेव्हा नळी दुसरी होती. तिसराच आकडा निघाला तर मात्र वकिलांना तो आधी दाखवा, मला नंतर.